थांबवण्याचा रकाना

त्या वर्षी आमच्या कंपनीने आशियातल्या सात गवळ्यांना चार दिवसांसाठी सिंगापूरला बोलावलं आणि त्यांतल्या एकाची सोबत करायचं काम माझ्याकडे आलं. ते कराचीचे होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आमच्या मजल्यावर हिंदी बोलणारी मी एकटीच होते.

कंपनी जनावरांची औषधं विकायची. मी तिथे कॉस्ट अकाउंटंट होते. गाई-म्हशींशी माझा संबंध फक्त आकड्यांतून यायचा. नवरा जहाजावर इंजिनियर, चार महिने समुद्रात आणि दोन महिने घरी. मी आणि आमची मुलगी चोआ चू कांगला फ्लॅटमध्ये राहायचो. सकाळी ती शाळेत आणि मी एमआरटी मेट्रोने ऑफिसला, असं आमचं चाललेलं असायचं.

आमच्या औषधांत एक इंजेक्शन होतं. दुभत्या जनावराच्या अंगात वाढीचं एक हार्मोन असतंच. तेच बाहेर तयार करून दर दोन आठवड्यांनी टोचलं, की दूध वाढतं आणि जनावर जास्त महिने दूध देतं. काही देशांत याला परवानगी आहे, काही देशांत नाही. जिथे आहे, तिथल्या विक्रेत्यांसाठी मी एक शीट बनवली होती. त्यात चार आकडे घालायचे: जनावरं किती, दुधाचा दर, पेंडीचा दर, इंजेक्शनची किंमत. ते घातले, की खाली हिरव्या चौकटीत एका जनावरामागे महिन्याला किती जास्त सुटतील ते यायचं. विक्रेता टॅब्लेट गवळ्याच्या हातात द्यायचा आणि गवळी ती हिरवी चौकट बघायचा. शीट सगळ्यांना फार आवडली होती. मला तिच्यासाठी त्या वर्षी बढती मिळाली होती.

चाचाजी (मी त्यांना तसंच म्हणायचे, ते मला बेटी म्हणायचे) साठीच्या पुढचे होते. उंच, किंचित वाकलेले, दाढी मेंदी लावलेली नव्हे, तर साधी पांढरी, नीट कातरलेली. कराचीच्या कडेला गवळ्यांची मोठी वसाहत आहे, तिथे त्यांच्या साठ म्हशी होत्या. आमच्या इंजेक्शनच्या तिथल्या पहिल्या काही गिऱ्हाइकांपैकी ते एक, म्हणून त्यांना हे आमंत्रण होतं. आमचं सगळं बोलणं माझ्या हिंदीत आणि त्यांच्या उर्दूत व्हायचं, इथे मराठीत लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये शीट दाखवायचा कार्यक्रम झाला. सातही जणांच्या हातात टॅब्लेट दिले. चाचाजींना वाचता येत होतं, पण इंग्रजी नाही, म्हणून मी शेजारी बसून एकेक ओळ समजावत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

"म्हैस शेवटी विकली की जे पैसे येतात ते."

"कोणाला विकली की?"

ओळीचं इंग्रजी नाव फार सोज्वळ होतं. "कसायाला," मी म्हटलं.

"आणि हे तू जमेच्या बाजूला धरलंयस."

"हो."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आम्हीही तिथेच धरतो." मग त्यांनी टॅब्लेट माझ्याकडे सरकवला. "यात आणखी एक रकाना कर. इंजेक्शन सुरू केलं तर किती, हे दिसतंय. थांबवलं तर किती?"

"किती दिवस थांबवलं तर?"

"कायमचं."

आमच्या सेल्सच्या माणसाने मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "त्यांना सांग, तसं कोणी विचारतच नाही." मी ते तसंच्या तसं सांगितलं नाही. "बघते," एवढंच म्हणाले.

रविवारी सगळ्यांना शहर दाखवायला बस होती. चाचाजी म्हणाले, उंच इमारती मी खूप बघितल्या, तुमच्याकडे दूध कुठून येतं ते दाखव. सिंगापूरमध्ये म्हैस कुठून आणायची? आमच्या घरापासून टॅक्सीने थोड्या अंतरावर, शेतीची जी थोडीशी जमीन बेटावर उरली आहे तिकडे, शेळ्यांचा एक फार्म आहे. सकाळी यंत्राने धारा काढतात आणि लोक मुलांना घेऊन बघायला येतात. मी मुलीला आणि त्यांना घेऊन तिथे गेले.

काचेपलीकडे शेळ्या ओळीने उभ्या होत्या, अलीकडे बाबागाड्या आणि फोन. चाचाजी काचेला कपाळ टेकवून कितीतरी वेळ बघत राहिले. एका शेळीला लावलेलं यंत्र निसटलं, तर यांचा हात आपोआप पुढे झाला आणि काचेवर आपटला. माझी मुलगी फिस्सकन हसली. तेही हसले. मुलीने त्यांना बाटलीतलं गार दूध आणून दिलं. त्यांनी एक घोट घेऊन मान हलवली, चांगलं आहे म्हणून. मग आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि मुलगी शेळ्यांना चारा द्यायच्या रांगेत गेली.

तिथे त्यांनी मला जे सांगितलं, ते मला माझ्या शीटने कधी सांगितलं नव्हतं.

"पहिल्या वर्षी आम्ही दहा-बारा जणांनीच घेतलं," ते म्हणाले. "दूध वाढलं. खोटं कशाला बोलू? मी पत्रे बदलले, पाण्याची मोटर बसवली, मुलीचं लग्न केलं. लोक विचारायला यायचे, काय करता? मी सांगायचो. लपवण्यासारखं काय होतं? दुसऱ्या वर्षी अर्ध्या वसाहतीने घेतलं. तिसऱ्या वर्षी सगळ्यांनी."

"मग?"

"मग दूध मुबलक झालं. आमच्याकडे दुकानदार वर्षाचा करार करतो. तो म्हणाला, दूध कोणाकडे कमी आहे? दर वाढणार नाही. पेंड मात्र वाढली. जास्त दूध देणारी म्हैस जास्त खाते, आणि सगळ्यांच्याच म्हशी जास्त खायला लागल्या होत्या. आता माझ्या हातात तेवढेच राहतात जेवढे आधी राहायचे. कधी त्याहून कमी. फक्त आता त्यात तुमचं इंजेक्शनही आहे."

मी विचारलं, मग सोडून का देत नाही? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हे या मुलीला कसं समजत नाही.

"आठ म्हशींचं थांबवून पाहिलं. दूध उतरलं. दर तोच. शेजाऱ्याचं दूध चालू, माझं कमी. दुकानदार म्हणाला, ठरलेलं भरलं नाहीस तर करार दुसऱ्याला देतो. तीन आठवड्यांत परत सुरू केलं."

मग ते म्हशींबद्दल बोलायला लागले. पूर्वी दूध आटलं की ते भाकड म्हशी आत गावाकडे पाठवायचे. तिथे त्यांचे चुलतभाऊ त्यांना चारायचे, गाभण करून घ्यायचे, आणि व्यायच्या वेळेला ती म्हैस परत कराचीला यायची. एकेक म्हैस पाच-सहा वेतं त्यांच्या गोठ्यात काढायची. त्यांना नावं होती. इंजेक्शनवर दूध लांबतं, पण म्हैस गाभण राहायला त्रास देते. कास सुजते, सडातून गाठी येतात, औषधपाणी वाढतं. मग दूध संपलं की सरळ गाडी येते आणि त्याच दिवशी बाजारातून नवी ताजी व्यालेली घेतात.

"आता नावं ठेवत नाही," ते म्हणाले. "नाव पाठ होईपर्यंत जाते."

मुलगी चारा देऊन परत आली, हाताला शेळीची लाळ लागली होती म्हणून वैतागलेली. चाचाजींनी आपला रुमाल काढून तिचे हात पुसले.

सोमवारी मी ऑफिसात गेले आणि त्यांनी सांगितलेला रकाना करायला बसले. वाटलं होतं तासाभराचं काम आहे, पण त्याला पूर्ण दिवस लागला. माझी शीट एका गवळ्याची होती. त्याच्या शेजारी कोणी राहत नव्हतं. तो दूध वाढवायचा आणि बाजाराला त्याचा पत्ताच लागायचा नाही. दर तसाच राहायचा, पेंड तशीच राहायची. मी त्यात शेजारी घातले. सगळ्यांनी इंजेक्शन घेतलं तर दर किती खाली येईल, पेंड किती चढेल, सुजलेल्या कासेचं औषध, फुकट गेलेलं दूध, लवकर विकलेली म्हैस, हे सगळं घातलं. अंदाजच होते, पण प्रामाणिक अंदाज होते.

हिरवी चौकट लाल झाली. मग मी एकट्याने थांबवलं तर काय होतं ते पाहिलं. ती आणखी लाल झाली. फक्त एका ठिकाणी आकडा पुन्हा हिरवा यायचा: सगळ्यांनी एकाच दिवशी थांबवलं तर.

मी शीट घेऊन माझ्या साहेबांकडे गेले. त्या सिंगापूरच्याच, चिनी, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. फार कमी बोलणाऱ्या, आणि मला आजवर भेटलेल्या वरिष्ठांत सगळ्यात सरळ. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक सूत्र उघडून पाहिलं. दोन ठिकाणी माझी चूक काढली. दुरुस्त करूनही उत्तर तेच आलं.

"गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हे वापरणार कोण?"

"गवळी."

"गवळ्याला तू सांगणार, की घेतलंस तरी नुकसान, नाही घेतलंस तरी नुकसान. मग तो काय करेल?"

"मग आपणच विकायचं थांबवावं," मी म्हटलं.

"आपण विकायचं थांबवलं, तर दुसरी कंपनी विकेल. आपल्यापेक्षा स्वस्त, आणि वाटेत औषध थंड न ठेवता." मग खुर्चीत मागे टेकून त्या अचानक म्हणाल्या, "हौगांगला माझ्या वडिलांचा डुकरांचा फार्म होता. मी लहान होते. ते रोज रात्रीच्या जेवणानंतर वहीत लिहायचे. सगळं बरोबर लिहायचे. मग ती जागा सरकारला घरांसाठी हवी झाली. वडिलांना फ्लॅट मिळाला, पैसेही मिळाले. ते वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण त्यांची वही बरोबर होती की चूक, याने काही फरक पडला नाही."

त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी शीट मला परत दिली आणि म्हणाल्या, "स्वतःकडे ठेव. पुसू नकोस." विक्रेत्यांच्या टॅब्लेटवर जुनीच राहिली.

त्या रात्री उशिरा चाचाजींचं विमान होतं. मी हॉटेलवर गेले. ते लॉबीत बॅगेवर हात ठेवून बसले होते, विमानाला पाच तास असताना. मी फोनवर त्यांना आकडे दाखवले. मग आकडे बाजूला ठेवून सांगितलं, "एकट्याने थांबवलंत तर बुडाल. चालू ठेवलंत तर हळूहळू बुडाल. सगळ्यांनी मिळून थांबवलं तर निभावेल."

"वसाहतीत कितीजण आहोत माहीत आहे तुला?"

"खूप."

"खूप," ते म्हणाले. "आणि लग्नाच्या पंगतीतही एका वेळी जेवायला बसत नाहीत."

मी हसले. ते हसले नाहीत.

"हे मला ठाऊक होतं बेटी. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्याकडे मशीन आहे, त्यात तिसरी काहीतरी वाट असेल." मग मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने म्हणाले, "पण तू केलंस. बाकी कोणी केलं नसतं."

त्यांनी मुलीसाठी खजुराचा डबा दिला. मी टॅक्सी मिळवून दिली. मागे वळून बघतील असं वाटलं होतं, पण ते ड्रायव्हरला पत्ता दाखवण्यात गुंतले होते.

पुढच्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये मुलीने दुधाचा खोका उचलून मागचं वाचलं. आम्ही कित्येक वर्षं तेच दूध घेत होतो, ऑस्ट्रेलियातून येणारं, जरा महागाचं.

"मम्मा, धिस वन से नो हार्मोन्स," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. "तुझी कंपनी हार्मोन्स विकते ना?"

"हो."

"देन वाय वी बाय धिस वन?"

मी तिला खरं ते सांगितलं, की इथे मिळणारं कुठलंही दूध चालेल, आपण सवयीने हे घेतो. दुधात उतरणाऱ्या हार्मोनने माणसाला काही होतं असं मी तरी कुठे वाचलेलं नाही, हेही सांगितलं. जे व्हायचं ते म्हशीला होतं आणि म्हैसवाल्याला होतं. तिने थोडा विचार केला. "सो यू नो, बट यू स्टिल सेल, लाह," असं म्हणून खोका ट्रॉलीत ठेवला आणि बिस्किटांकडे गेली. टोमणा नव्हता तो. तिला जे समजलं ते तिने मोठ्याने म्हटलं, इतकंच. मी त्या फ्रीजसमोर उभी राहिले. नोकरी सोडावी असं त्या क्षणी मनात आलं. फ्लॅटचा हप्ता, तिची शाळा, आमच्या पीआरचं, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण, हे सगळं त्यापाठोपाठ आलं. मी नोकरी सोडली नाही.

दीड-दोन वर्षांनी चाचाजींच्या देशाने त्या इंजेक्शनवर बंदी आणली. आमच्या ऑफिसात त्या दिवशी सगळे गंभीर चेहऱ्याने फिरत होते. मी माझ्या जागेवर बसून मनातल्या मनात आनंदले होते, कारण जे एका वसाहतीला जमणार नव्हतं ते आपोआप झालं होतं. सगळ्यांनी एकाच दिवशी थांबवलं होतं. मी माझी जुनी शीट उघडून तो हिरवा आकडा पाहिला आणि चाचाजींना फोन लावला.

"हो, बंद झालं," ते म्हणाले. "चोरून मिळतं, दुप्पट पैशांत. मी नाही घेत."

"मग दर वाढला असेल ना?"

"चार दिवस वाढला. लोकांनी आरडाओरडा केला. मग चहावाल्यांनी, मिठाईवाल्यांनी पावडर घ्यायला सुरुवात केली. बाहेरून गोण्या येतात. पाण्यात कालवली की दूध. दर पुन्हा तिथेच."

मी पावडर धरलीच नव्हती. शेजारी घातले होते, पेंड घातली होती, सुजलेली कासही घातली होती. समुद्रापलीकडून गोण्या येतील हे मला सुचलं नव्हतं, आणि मी राहत होते त्या शहरात, जिथल्या बंदरातून अशा कितीतरी गोण्या रोज पुढे जातात. नवरा त्यावर किती वेळा बोलला होता. पावडर माझ्या हिशेबात नव्हती, हे मी त्यांना सांगितलं. "तुझा काय दोष," असं म्हणून त्यांनी मुलीचं विचारलं.

मला कंपनीने कोंबड्यांच्या लसींकडे हलवलं. मधे बराच काळ आमचं बोलणं झालं नाही. ईदला मी शुभेच्छा पाठवायचे, ते एखादं फूल पाठवायचे. मग गेल्या वर्षी एका दुपारी त्यांचा स्वतःहून फोन आला. आवाज ताजातवाना होता.

"म्हशी गेल्या, बेटी. सगळ्या. शेवटच्या दोन गावाकडे पाठवल्या, बाकी विकल्या. आता मी दुकान घातलंय."

"कसलं?"

"पावडरीचं."

ते पुढे सांगत राहिले. गोठ्याची जागाच गोदाम केली आहे, पत्रे चांगले होतेच. पहाटे उठावं लागत नाही, गुडघे बरे आहेत. दहा-पंधरा मिठाईवाले बांधलेले आहेत. फक्त मधले दलाल फार खातात. "तू सिंगापूरला आहेस. माल तिकडूनच येतो म्हणतात. कोणाला विचारून थेट दर मिळतो का बघशील?"

माझ्या ऑफिसच्याच इमारतीत, सहा मजले खाली, दुधाच्या पावडरीचा व्यापार करणारी एक फर्म होती. लिफ्टमध्ये त्यांची माणसं रोज दिसायची. जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले. तिथल्या बाईंनी कार्ड घेतलं, किती टन हवं ते विचारलं आणि दहा मिनिटांत दर लिहून दिला.

मी तो चाचाजींना पाठवला. लगेच त्यांचा आवाजी निरोप आला. मागे रस्त्याचा गोंगाट होता आणि कोणीतरी गोणी उतरवत असल्याचा धप्प धप्प आवाज. "फार उपकार झाले. जरा कमी होतोय का, विचार ना."

मी पुन्हा खाली गेले आणि विचारलं. थोडा कमी झाला.